पुसबंदी

३ मार्च, सोमवार

ही वही काकांनी दिली. आमचा कारखाना पुठ्ठ्याची खोकी बनवतो आणि काका (नात्याने नव्हे, सगळं ऑफिसच त्यांना काका म्हणतं) तिथल्या ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात माणसं दोन. ते प्रमुख, बाकी सगळा विभाग मी. शुक्रवारी प्रिंटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी मी असा काही भांडलो की तो स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर टाकून गेला. काकांनी तेव्हा तो स्क्रू ड्रायव्हर उचलून खणात ठेवला. आज वही पुढे सरकवली आणि म्हणाले, "तोफ, बत्ती लागली की आधी इथे उडायचं. मग लोकांत यायचं."

काकांचे उपकार कशाकशाचे मोजू? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला सरांनी जर्नल उतरवल्याचा आळ घेतला तेव्हा मी त्यांच्यासमोर जर्नल टराटरा फाडलं आणि घरी निघून आलो. जर्नल माझं स्वतःचं होतं, स्वतः लिहिलेलं. फाडल्यावर ते सिद्ध कसं करणार, हे बसमध्ये बसल्यावर सुचलं. त्यानंतर मला कुणी उभं केलं असेल तर ताईने, आणि इथे आल्यावर काकांनी.

आज रागाचं काही नाही. आज काळजीचं आहे. तिचा फोन गाडीत माल भरताना फलाटावर पडला आणि काच तडकली. ती म्हणजे तळमजल्यावर डिस्पॅचला बसते ती. दिवसभर ड्रायव्हर लोकांचे फोन घ्यायचे, पावत्या फाडायच्या, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. मी सहज गेल्यासारखा खाली गेलो. म्हटलं, "बोट कापेल." ती म्हणाली, "चालतोय अजून." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. फोनकडे नाही.

नऊ महिन्यांत मी तिला ऑफिसच्या चॅटवर त्रेसष्ट मेसेज पाठवलेत. सगळे कामाचेच. म्हणजे कामापासून सुरू होणारे. "सर्व्हर पाच मिनिटं बंद राहील. तू मात्र बंद राहू नकोस." वगैरे. तिचं उत्तर दर वेळी एकच: "ठीक." पण त्रेसष्ट वेळा!

४ मार्च, मंगळवार

देव माणसाच्या रूपात येतो म्हणतात तो आज साडेनऊला सेल्सच्या साहेबांच्या रूपात आला. एरवी हे साहेब मला नावाने काय, नजरेनेही ओळखत नाहीत. आज खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यंग मॅन, हा फोन फार मोठा आहे रे. डोळ्यांना त्रास होतो. मला आपला एखादा साधा दे. आणि हा नीट साफ करून कुणातरी गरजूला देऊन टाक. आतलं कार्डसुद्धा साफ कर हं, घरचे फोटो आहेत."

सात महिन्यांचा फोन! काय मन आहे माणसाचं. काल संध्याकाळी उशिरापर्यंत मालकांच्या केबिनमध्ये मीटिंगला बसलेले, एवढं डोक्याला काम, तरी दुसऱ्याचा विचार.

एरवी काका असल्याशिवाय मी फोन साफ करत नाही. पण ते दहापासून मालकांकडे होते, कुणी वकीलबाई आल्या होत्या. मी फोन पुसला, कार्ड पुसलं, नव्या खोक्यात घातला, वर चिकटपट्टी लावली. फोन कुणाकडून आला, कुणाला दिला, किती वाजता, हे लिहायची काकांची एक वही आहे. त्यात "सेल्स साहेबांकडून" लिहिलं. "कुणाला" या रकान्यात तिचं नाव लिहायला हात धजेना. काका वाचून दिवसभर चिडवतील. रकाना तसाच ठेवला. वेळ लिहिली: ११.४०.

खोकं तिच्या टेबलावर ठेवलं आणि पळालो. "अरे, हे काय?" असं मागून ऐकू आलं.

चार वाजता ईमेल उघडला. वकीलबाईंची सगळ्यांना नोटीस. खोक्यांच्या भावाबद्दल तपास सुरू झालाय, आजपासून कुणीही मेसेज, ईमेल, फोटो, आवाजी निरोप पुसायचे नाहीत, फोन बदलायचे नाहीत. आल्याची वेळ १०.१०.

ती वेळ दोनदा वाचली. मग विचार केला. नोटीस आली असेल दहा-दहाला, पण मी वाचली चारला. म्हणजे माझ्यापुरती ती चारलाच आली. शिवाय घरचे फोटोच तर होते.

६ मार्च, गुरुवार

सगळ्या ऑफिसने नोटिशीला नाव ठेवलंय, पुसबंदी. चहावाले मामा टेबल पुसायला आले की लोक ओरडतात, "मामा, हात वर! वकीलबाईंना विचारलंत का?" अकाउंट्सचे आजोबा म्हणाले, "मी घामसुद्धा पुसत नाहीये."

वकीलबाईंनी सगळ्यांना बसवून समजावलं. बाई बारीकशा, आवाज त्याहून बारीक, पण एक शब्द वाया नाही. खोकी बनवणाऱ्या तीन कंपन्यांच्या लोकांचा म्हणे एक चॅटवरचा ग्रुप होता. तिथे ठरायचं कुणी कुणाला काय भाव सांगायचा. गिऱ्हाईक तिन्ही दारं फिरून आलं तरी भाव तोच. मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण होऊन तपासवाल्यांकडे जायचं आणि सगळं सांगायचं. जी कंपनी आधी येते तिला शिक्षेत सूट असते. "पण एका अटीवर," बाई म्हणाल्या. "आपण काहीही लपवलेलं नाही, काहीही नष्ट केलेलं नाही, हे त्यांना पटलं पाहिजे. एक मेसेज गायब झाला तर ते विचारणार, अजून किती? सूट गेली तर दंड असा बसेल की हा कारखाना उभा राहीलच असं मी सांगू शकत नाही."

दोनशे माणसं आहेत कारखान्यात.

दिवसभर मी एकशे बारा खात्यांवरचं आपोआप मेसेज पुसले जाण्याचं सेटिंग बंद करत बसलो. उद्या नऊ जणांचे फोन जमा करायचेत. यादीत पहिलं नाव सेल्सच्या साहेबांचं.

दुपारी ती दुसऱ्या मजल्यावर आली होती. आमच्या दारात उभी राहिली, आत काका आणि वकीलबाईंना बघून परत गेली. कालही आली होती म्हणे. दोन दिवसांत दोनदा! अजून तडकलेलाच फोन वापरते. नवा एखाद्या चांगल्या दिवसासाठी ठेवला असणार. मुली जपतात वस्तू.

७ मार्च, शुक्रवार

साहेबांनी जमा केला तो मी दिलेला साधा फोन. आत तीन दिवसांचा माल. वकीलबाईंनी काकांची वही मागवली आणि बोट त्या रिकाम्या रकान्यावर ठेवलं.

"हा फोन तुम्ही पुसलात?"

"हो."

"नोटिशीनंतर दीड तासाने."

"मी वाचली नव्हती."

"बरं. कुणाला दिलात?"

तिचं नाव घेतलं तर उद्या तिलाही याच खुर्चीत बसवणार, तपासवाले तिचेही जबाब घेणार. माझ्यामुळे! जीव गेला तरी नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"तीन दिवसांपूर्वीचं आठवत नाही? दीडशे फोन देता का तुम्ही रोज?"

"नाही आठवत म्हणजे नाही आठवत! मी काय चोर आहे?"

"तसं मी म्हटलेलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण बुधवारी मला तपासवाल्यांना याचं उत्तर द्यायचंय. ते म्हणतील."

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते जास्त लागलं.

१० मार्च, सोमवार

मालकांनी बोलावलं. सेल्सचे साहेबही होते. ते मोठ्या मायेने म्हणाले, "जाऊ द्या हो, लहान आहे. चूक झाली त्याच्याकडून. फोन कुठेतरी विकला असेल, घाबरलाय."

विकला! त्यांना काय माहीत, असं मी म्हणायला हवं होतं. मी काय केलं? गळ्यातलं ओळखपत्र काढलं, टेबलावर आपटलं, ते उडून मालकांच्या पाण्याच्या पेल्यात पडलं. "ठेवा तुमची नोकरी!" म्हणालो आणि जिने उतरलो. काका मागून हाक मारत होते. तळमजल्यावर ती उठून उभी राहिली होती. मी थांबलो नाही.

वही बॅगेतच होती. आधी लिहायचं होतं. जर्नलच्या वेळीही बसमध्येच अक्कल आली होती.

११ मार्च, मंगळवार

ताईला सकाळी सांगितलं. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. डबा भरता भरता ऐकत होती. मला वाटलं म्हणेल, शाब्बास, मुलीचं नाव राखलंस.

"म्हणजे तू एका मुलीसाठी दोनशे माणसांच्या पोटावर पाय देतोयस," ती म्हणाली.

"तिला अडकवू?"

"कशात? तिने काय केलंय? तू दिलेलं खोकं घेतलं. तू गप्प बसलास म्हणून ते खोकं आता चोरीचा माल झालंय, अरे शहाण्या! तिच्या टेबलाखाली सापडलं की ती अडकणार. तूच अडकवलंस तिला."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आठ दिवसांत एकदाही.

"आमच्याकडे नळी फुटली की आम्ही लिहितो: माझ्या हातून फुटली, इतक्या वाजता, अमुक पेशंटची," ताई म्हणाली. "शिव्या बसतात. पण लपवली तर पेशंट जातो. एकदा फाडून आलास घरी. मी एक शब्द बोलले नाही. दुसऱ्यांदा आलास तर मी दार उघडणार नाही." असं म्हणून तिने माझ्याही हातात डबा दिला. नोकरी नसलेल्या माणसाला डबा.

मी दिवसभर बसून सगळं लिहून काढलं. साडेनऊपासून चारपर्यंत, जसं झालं तसं. "कुणाला" या प्रश्नाचं उत्तर लिहिताना कारणही लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, "सहकाऱ्याची गरज म्हणून." ते खोडलं. खरं ते लिहिलं.

१२ मार्च, बुधवार

आठ वाजताच काका फाटकावर उभे होते. "आलास? मी तुझ्या घरीच निघालो होतो." ओळखपत्र त्यांच्या खिशात होतं. पुसून कोरडं केलेलं.

वकीलबाईंनी माझा कागद वाचला. शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या. तेवढ्या वेळात मी मेलो असतो तरी चाललं असतं.

"'तिच्याबद्दल मला प्रेम वाटतं म्हणून मी घाई केली आणि नोटीस उघडली नाही.' हे असंच द्यायचं तपासवाल्यांना?"

"खरं आहे ते."

"खरं आहे हे दिसतंयच. असं कारण कुणी बनवून सांगत नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "एक सांग. साहेबांनी नेमका त्याच सकाळी फोन का दिला असेल, हे तुझ्या कधी मनात आलं?"

"त्यांच्या डोळ्यांना त्रास..."

बाईंनी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे बघितलं. मग मला कळलं. आदल्या संध्याकाळची मीटिंग कशाची होती, घरचे फोटो म्हणजे काय, "विकला असेल" कुणी आणि का म्हटलं, सगळं एकदम. मी उठलोच. काकांनी मनगट धरलं. "वही," एवढंच म्हणाले. मी बसलो. वही काढली आणि पानभर फक्त "हरामखोर" लिहिलं. चौदा वेळा. मग हात दुखला.

तिला वर बोलावलं. ती आली, हातात तेच खोकं. माझी चिकटपट्टी जशीच्या तशी. एक कोपराही उचललेला नाही. आणि वर डिस्पॅचची पिवळी चिठ्ठी: परत.

गिऱ्हाइकाने नाकारलेल्या मालावर लावतात ती चिठ्ठी.

"तीनदा परत द्यायला आले," ती बाईंना म्हणाली. "दर वेळी इथे माणसं. चारचौघांत दिला असता तर याची शोभा झाली असती. आणि फोनवर सांगायचं तर हा उचलतो आणि 'सर्व्हर' म्हणून ठेवून देतो."

"उघडून बघितला नाहीत?"

"जो माल ठेवून घ्यायचा नाही त्याचं सील आम्ही तोडत नाही."

काका पुढे झाले. "म्हणजे हा चालूच केला नाहीस? एकदाही? एक फोटो नाही, काही नाही?"

"नाही."

काका एवढे मोठ्याने हसले की बाई दचकल्या. मग त्यांनी समजावलं. फोनमधलं गेलं ते गेलं. पण चॅटची रोजची प्रत त्या कार्डावर साठत होती, आणि मी घाईघाईने कार्ड जे साफ केलं ते म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडण्यासारखं. पानं आतच आहेत. त्यांच्यावर नवं काही लिहिलं गेलं असतं तर संपलं होतं. तिने फोन वापरला असता, गाड्यांचे दहा-वीस फोटो काढले असते, तर काही उरलं नसतं.

सगळे एकदम बोलायला लागले. मी त्या पिवळ्या चिठ्ठीकडे बघत होतो. माझं प्रेम परत आलं होतं आणि त्यामुळेच मी वाचणार होतो. हसावं की रडावं कळेना. मी तिला एवढंच म्हणालो, "थँक यू."

"मी तुझ्यासाठी नाही ठेवला," ती म्हणाली. "मला नको होता."

"तरीही."

१४ मार्च, शुक्रवार

कार्ड बाहेरच्या तज्ज्ञांकडे गेलं होतं. सात महिन्यांचा ग्रुप निघाला. भाव, तारखा, कुणी कुठल्या गिऱ्हाइकाला सोडायचं, सगळं. वकीलबाईंनी ते, माझा कागद आणि काकांची वही, रिकाम्या रकान्यासकट, तपासवाल्यांपुढे ठेवलं. तपासवाल्या अधिकाऱ्यांनी माझा कागद वाचून म्हणे विचारलं, "हा मुलगा खरंच आहे?" काका म्हणाले, "दुर्दैवाने."

सूट कायम आहे, असं त्यांनी आज कळवलं. मालकांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. चहावाले मामा रडले. त्यांचे दोन मुलगे गोंद विभागात आहेत हे मला आजच कळलं.

साहेब सुट्टीवर आहेत. त्यांची खुर्ची बघून हात शिवशिवले. पण खरं सांगायचं तर त्यांचेही आभार मानावेसे वाटतात. माझ्यावर आळ आला आणि मी काही फाडलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. पाण्याचा पेला सोडून.

१९ मार्च, बुधवार

मला ताकीदपत्र मिळालं. पत्रात माझी चूक चार ओळींत लिहिली आहे, चारही खऱ्या. सही केली. दुसऱ्या कागदावर नवं काम: पुसबंदीची सगळी नोंद आता मी ठेवायची. कुणाचा फोन, कधी घेतला, कुणाच्या हातात दिला. काका म्हणाले, "ज्याच्या हातून एकदा फुटलंय तोच नळी जपून धरतो." ताईशी यांचं बोलणं झालेलं दिसतं.

आज तपासवाल्यांकडे जायचे सगळे जबाब फायलीत लावले. तिचाही. कामासाठी वाचावा लागला, मुद्दाम नाही. फार काटेकोर लिहिलाय. डिस्पॅचची माणसं अशीच असतात, गाडीचा नंबर कसा टिपतात तसं. "तो ११ वाजून ४० मिनिटांनी आला. धावत आला होता. निळा शर्ट, एक बाही दुमडलेली, दुसरी नाही. खोकं पावत्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. काही न बोलता गेला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला." एवढं लिहायची काय गरज होती? माझ्या कपड्यांची तपासवाल्यांना काय पडलीये? पण तक्रार करणार नाही. ज्या मुलीमुळे नोकरी राहिली तिने बाहीबद्दल काहीही लिहावं.

तिच्या फोनची प्रत घ्यायची होती, म्हणून ती वर आली. तोच तडकलेला. मी हातमोजे घालून, नोंद करून, अगदी नियमाने घेतला. वकीलबाई समोर बसल्या होत्या. प्रत होईपर्यंत वीस मिनिटं. मी एकदाही वर बघितलं नाही.

शेवटी धीर केला. म्हटलं, "त्या त्रेसष्ट मेसेजबद्दल माफ कर. मी आजच पुसले असते, पण पुसबंदी आहे. मला माझे पुसता येत नाहीत आणि तुलाही तुझ्याकडचे पुसता येणार नाहीत. उगाच सांभाळत बसावे लागणार तुला."

"चौसष्ट," ती म्हणाली.

"हं?"

"चौसष्ट आहेत. पहिला तू चुकून डिस्पॅचच्या सगळ्या ग्रुपवर टाकला होतास. तो तू मोजला नसशील." मग बाईंकडे वळून तिने विचारलं, "पुसबंदी उठणार कधी?"

"खटला संपेपर्यंत नाही," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं. कदाचित तीन."

"चालेल," ती म्हणाली. फोन घेतला आणि खाली गेली.

किती समजूतदार मुलगी आहे! दुसरी कुणी असती तर कटकट केली असती. वकीलबाई उगाचच खिडकीबाहेर बघून हसत होत्या. मी तिच्या फोनची परत दिल्याची नोंद केली. "कुणाला" या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात. काकांनी वाचलं आणि या वेळी चिडवलं नाही.